अपवर्तित भूकंपलहरी आणि पृथ्वीच्या गाभ्याचा शोध : १८९७ ते १९३६

प्रस्तावना

पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. मानवाने आजवर पाडलेल्या विवरांपैकी उभ्या खोलीने सर्वांत खोल असे रशियातील कोला द्वीपकल्पावरचे विवर १९८९ मध्ये १२,२६२ मीटरपर्यंत पोहोचले आणि पुढे थांबले. हे अंतर त्रिज्येच्या पाचशेव्या भागाइतकेही नाही. असे असताना सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर पृथ्वीचा द्रवरूप गाभा सुरू होतो आणि त्याच्याही आत एक घनरूप अंतर्गाभा आहे, ही विधाने शालेय भूगोलात निःशंकपणे केली जातात. ज्या पुराव्यावर ती उभी आहेत, तो पुरावा प्रामुख्याने एकाच भौतिक घटनेतून मिळालेला आहे. ती घटना म्हणजे अपवर्तन होय. पाण्यात बुडवलेली काठी ज्या नियमाने वाकलेली दिसते, त्याच नियमाने भूकंपाच्या लहरी पृथ्वीच्या पोटात वाकतात आणि वाकून पुन्हा पृष्ठभागावर येतात.

या शोधाचा इतिहास पाठ्यपुस्तकांत बहुधा दोन वाक्यांत उरकला जातो : ओल्डहॅमने १९०६ मध्ये द्रवरूप गाभा शोधला आणि लेमान यांनी १९३६ मध्ये अंतर्गाभा. यांतील पहिले वाक्य जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. ते का स्वीकारता येत नाही, हे पाहताना एका मोठ्या शोधाची खरी वाटचाल उलगडते. या वाटचालीचा प्रारंभ भारतात झाला, ही बाबही पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही.

नियम आणि त्यामागची समजूत

मराठीत या घटनेला एकाहून अधिक नावे आहेत. शालेय पुस्तकांत 'अपवर्तन', विश्वकोशात 'प्रणमन', तर जुन्या पुस्तकांत 'वक्रीभवन' असे शब्द आढळतात. नियमाच्या शोधाचे श्रेयही असेच विभागलेले आहे. बगदादच्या इब्न सह्लने इ. स. ९८४ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात या नियमाशी समतुल्य अशी भूमितीय रचना आढळते. हॉलंडच्या स्नेलने १६२१ मध्ये तो स्वतंत्रपणे शोधला, पण प्रसिद्ध केला नाही. देकार्तने तो १६३७ मध्ये छापला. आपाती कोन आणि अपवर्तित कोन यांच्या ज्यांचे गुणोत्तर दोन दिलेल्या माध्यमांसाठी स्थिर असते, एवढाच तो नियम.

हे गुणोत्तर कशावर ठरते, यावर मात्र दोन शतके वाद चालला. हवेतून पाण्यात शिरताना किरण लंबाकडे झुकतो, त्या अर्थी पाण्यात प्रकाश अधिक सुलभतेने जात असला पाहिजे, असा देकार्तचा तर्क होता. फेर्माने १६६२ मध्ये नेमके उलट गृहीत धरले. घन माध्यमात प्रकाश मंदावतो आणि दोन बिंदूंमधील ज्या मार्गाने कमीत कमी वेळ लागेल तोच मार्ग तो धरतो, असे मानून फेर्माने तोच नियम सिद्ध करून दाखविला. एकाच नियमाला परस्परविरोधी दोन समर्थने मिळाली आणि दोन्ही गणिती दृष्ट्या निर्दोष होती. अखेर १८५० मध्ये फूको आणि फिझो यांनी स्वतंत्र प्रयोगांतून प्रकाशाचा वेग पाण्यात हवेपेक्षा कमी असतो हे दाखविले, तेव्हा हा वाद मिटला. नियम बरोबर असूनही त्यामागची समजूत चुकीची असू शकते, ही गोष्ट भूकंपशास्त्राच्या इतिहासात पुन्हा एकदा घडलेली दिसते.

'घन माध्यम' हा शब्दही येथे थोडा तपासून घेतला पाहिजे. टर्पेंटाइन पाण्यावर तरंगते, म्हणजे ते पाण्याहून हलके आहे. तरीही त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४७ असून पाण्याचा १.३३ आहे. अपवर्तन ठरते ते वेगावर, वस्तुमानाच्या घनतेवर नव्हे. खडकांच्या बाबतीत तर हा भेद निर्णायक ठरतो. प्रावरणात खोल जावे तशी घनता वाढते, परंतु दाबाखाली खडकाची दृढता आणि आकुंचनाला होणारा विरोध त्याहून अधिक प्रमाणात वाढतात. म्हणून खोलीबरोबर लहरींचा वेग वाढतच जातो. परिणामी खाली निघालेला किरण क्रमाक्रमाने लंबापासून दूर झुकत आडवा होतो आणि कमानीसारखा वळून वर येतो. असा किरण दूरच्या वेधशाळेत पोहोचण्यापूर्वी जितक्या खोलवर जाऊन येतो, तितक्या खोलीची वार्ता तो बरोबर आणतो.

शिलाँगचा भूकंप आणि इटलीतील आलेख

१२ जून १८९७ रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास आसामात प्रचंड भूकंप झाला. शिलाँगमधील दगडी बांधकामे जमीनदोस्त झाली. अधिकृत अहवालात १,५४२ मृत्यूंची नोंद आहे. भूकंपाची तीव्रता पाहता हा आकडा कमी वाटतो. उजेडाची वेळ असल्याने पुष्कळ लोक घराबाहेर होते, हे त्याचे एक कारण मानले जाते. काही ठिकाणी सुटे दगड जमिनीपासून उसळून बाजूला पडले होते. त्यावरून तेथील हादऱ्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाहून अधिक होते, असे अनुमान काढण्यात आले.

या भूकंपाच्या अभ्यासाचे काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांच्याकडे आले. त्यांचे वडील टॉमस ओल्डहॅम हे याच संस्थेचे पहिले प्रमुख होते. १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेला ओल्डहॅम यांचा अहवाल भूकंपविषयक लेखनात मानदंड ठरला. त्यातील स्थानिक निरीक्षणांचे मोल शंभर वर्षांनंतरही संपले नव्हते. २००१ मध्ये बिल्हॅम आणि इंग्लंड यांनी जुन्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या मोजमापांवरून शिलाँग पठाराच्या उत्तर कडेखाली एक झाकलेला प्रस्तरभंग असल्याचे मांडले आणि त्याला ओल्डहॅम यांचेच नाव दिले.

येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. ज्या देशात हा भूकंप झाला, त्या देशात तो नीट टिपू शकेल असे संवेदनशील भूकंपमापक यंत्र त्या दिवशी नव्हते. ओल्डहॅम यांना उपयोगी पडलेले आलेख प्रामुख्याने इटलीतील वेधशाळांचे होते. दूरच्या भूकंपाची नोंद हजारो किलोमीटरवर होऊ शकते, हे १८८९ मध्ये एर्न्स्ट फॉन रेबॉयर-पाश्विट्झ यांच्या ध्यानात आले होते. जर्मनीत पोट्सडॅम येथे बसवलेल्या त्यांच्या लंबकावर जपानच्या भूकंपाची नोंद उमटली होती. भारतात मात्र जॉन मिल्न यांच्या रचनेची यंत्रे १८९७ च्या आघातानंतर, १८९८ मध्ये आली. कलकत्त्यातील अलीपूर आणि मुंबईतील कुलाबा येथे ती बसविण्यात आली. कुलाबा वेधशाळेचे संचालक त्या वेळी नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस होते. हे पद भूषविणारे ते पहिले भारतीय. जीवितहानी झाल्यावर यंत्रसामग्री येते, हा क्रम वसाहतीच्या प्रशासनापुरताच मर्यादित नव्हता. पण येथे तो ठळकपणे दिसतो.

इटलीतील आलेखांवर ओल्डहॅम यांना एकामागून एक येणारे तीन टप्पे स्पष्ट दिसले. घन पदार्थात दोन प्रकारच्या लहरी भिन्न वेगांनी जाऊ शकतात, हे प्वासाँ यांनी १८३० च्या सुमारास गणिताने दाखविले होते. पृष्ठभागाला धरून जाणाऱ्या लहरींचे गणित रॅले यांनी १८८५ मध्ये मांडले होते. सिद्धांत तयार होता, पण तो प्रत्यक्ष आलेखावर कोणी खात्रीने वाचला नव्हता. ओल्डहॅम यांनी पहिला टप्पा अनुतरंगांचा म्हणजे प्राथमिक किंवा 'पी' लहरींचा, दुसरा अवतरंगांचा म्हणजे दुय्यम किंवा 'एस' लहरींचा, तर तिसरा भूपृष्ठ लहरींचा असल्याचे ओळखले. तिसऱ्या टप्प्याला लागणारा वेळ पृष्ठभागावरील अंतराच्या प्रमाणात वाढत होता. पहिल्या दोन टप्प्यांचा वेळ मात्र त्या प्रमाणात वाढत नव्हता. अंतर जितके अधिक, तितका त्यांचा भासमान वेग अधिक दिसे. याचा अर्थ या लहरी पृथ्वीच्या पोटातून येत होत्या आणि पोटात त्यांचा वेग अधिक होता. प्रकृतिअस्वास्थ्यामुळे ओल्डहॅम १९०३ मध्ये भारतातील सेवेतून निवृत्त झाले, पण हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

१९०६ : योग्य निष्कर्ष, सदोष पुरावा

१९०६ मध्ये ओल्डहॅम यांनी लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात आपला प्रसिद्ध लेख छापला. अपिकेंद्रापासून सुमारे १२० अंश कोनीय अंतरापर्यंत दुसरा टप्पा अपेक्षेप्रमाणे येतो, त्यापलीकडे मात्र तो कित्येक मिनिटे उशिरा येतो, असे त्यांना आढळले. पृथ्वीच्या मध्यभागी वेगळ्या द्रव्याचा गाभा आहे, त्यात या लहरी मंदावतात आणि अपवर्तित होतात, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. गाभ्याची त्रिज्या पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ०.४ पट असावी, असा त्यांचा अंदाज होता.

गाभा आहे, हा निष्कर्ष खरा ठरला. पण १२० अंशांपलीकडे उशिरा येणारा जो टप्पा त्यांनी गाभ्यातून मंदावून आलेल्या दुय्यम लहरींचा मानला, तो तसा नव्हता. दुय्यम लहरी बाह्यगाभ्यातून दुय्यम लहरी म्हणून जाऊच शकत नाहीत. ओल्डहॅम यांनी पाहिलेल्या नोंदी अन्य मार्गांनी, उदाहरणार्थ पृष्ठभागावर एकदा परावर्तित होऊन, आलेल्या लहरींच्या असाव्यात, असे आज मानले जाते. दुसरे असे, की या लेखात ओल्डहॅम यांनी गाभा द्रवरूप असल्याचा दावा केलेलाच नाही. तसा तो करणे त्यांच्याच तर्काशी विसंगत ठरले असते, कारण ज्या लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत त्या गाभ्यातून मंदावून आल्या, असे त्यांचे म्हणणे होते. 'दुय्यम लहरी पलीकडे पोहोचत नाहीत, म्हणून गाभा द्रवरूप' हा आज शिकविला जाणारा सुटसुटीत तर्क १९०६ च्या लेखावर मागाहून लादला गेलेला आहे. यामुळे ओल्डहॅम यांचे महत्त्व उणावत नाही. भूकंपालेख हे पृथ्वीच्या अंतरंगाचे साधन म्हणून वापरता येते, हे त्यांनी दाखविले आणि पुढील संशोधकांना नेमका प्रश्न दिला.

गाभ्याची कल्पना त्याआधीही अस्तित्वात होती. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाच पट, तर पृष्ठभागावरील सामान्य खडकांची पावणेतीन पटींच्या आसपास. या तफावतीवरून एमिल वीखर्ट यांनी १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लोहमय गाभ्याचे प्रतिमान मांडले होते. पण घनतेवरून केवळ 'काहीतरी जड आहे' एवढेच कळते. सीमा कोठे आहे, हे अपवर्तनच सांगू शकत होते.

मोहोरोविचिच यांच्या दोन लहरी आणि कोयनेचा कातळ

गाभ्याच्या आधी एक उथळ सीमा हाती लागली. ८ ऑक्टोबर १९०९ रोजी क्रोएशियातील कूपा नदीच्या खोऱ्यात भूकंप झाला. झाग्रेब वेधशाळेचे प्रमुख आंद्रिया मोहोरोविचिच हे मूळचे हवामानशास्त्रज्ञ. युरोपातील अनेक वेधशाळांचे आलेख जमवून पाहता त्यांना विशिष्ट अंतरांवर प्राथमिक लहरी एकदा नव्हे, दोनदा आलेल्या दिसल्या. एक लहर वरच्या थरातून सरळ आली होती. दुसरी खालच्या अधिक वेगाच्या थरात शिरून, त्याच्या कडेने धावून पुन्हा वर आली होती. जवळच्या गावाला जाताना वळसा घालून महामार्गावर चढण्यात अर्थ नसतो. लांबच्या गावाला मात्र तोच वळसा वेळ वाचवतो. लहरींचेही तसेच होते, आणि फेर्माचे तत्त्व हेच सांगते. मोहोरोविचिच यांनी या सीमेची खोली ५४ किलोमीटर काढली. भूकवच आणि प्रावरण यांमधील ही सीमा आज 'मोहो' या त्यांच्याच नावाच्या संक्षेपाने ओळखली जाते.

क्रांतिक कोनात अपवर्तित होऊन सीमेलगत धावणाऱ्या या लहरींचा उपयोग पुढे कृत्रिम स्फोटांच्या साहाय्याने भूगर्भ तपासण्यासाठी होऊ लागला. महाराष्ट्राशी या पद्धतीचा संबंध निकटचा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर दख्खनच्या लाव्हाखाली काय आहे, हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा उरला नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात गुहागर–चोरोची आणि केळशी–लोणी या दोन रेषांवर स्फोट घडवून खोल भूकंपीय मापन केले. भूकवचाची जाडी तेथे चाळीस किलोमीटरच्या आसपास आढळली.

या पद्धतीची एक मर्यादा येथे स्पष्ट होते. खालचा थर वरच्यापेक्षा मंद असेल, तर किरण लंबाकडे झुकतो, कधीच आडवा होत नाही, आणि त्या थराच्या माथ्यावरून परतणारी अपवर्तित लहर मिळत नाही. बेसाल्टसारख्या वेगवान खडकाखाली मंद गाळाचे खडक दडलेले असतील, तर ते या पद्धतीला जवळजवळ अदृश्यच राहतात. दख्खनमध्ये हा प्रश्न दीर्घकाळ संशोधकांपुढे होता. कोयना परिसरात २०१० नंतरच्या दशकात घेतलेल्या संशोधन-विंधणांत बेसाल्टच्या थरांखाली थेट ग्रॅनाइटी पायाखडक लागला. त्या परिसरापुरते उत्तर अखेर विवराने दिले.

गुटेनबर्ग यांची छाया आणि जेफ्रीज यांचे गणित

वेगवान माध्यमाखाली मंद माध्यम, हीच स्थिती पृथ्वीच्या गाभ्यापाशी आहे. वीखर्ट यांचे शिष्य बेनो गुटेनबर्ग यांनी ग्योटिंगेन येथे १९१२ ते १९१४ या काळात हा प्रश्न हाती घेतला. ओल्डहॅम दुय्यम लहरींकडे पाहत होते, तर गुटेनबर्ग यांनी प्राथमिक लहरींच्या दुर्बल होण्याकडे लक्ष दिले. अपिकेंद्रापासून सुमारे १०३ अंशांपर्यंत या लहरी स्पष्ट येतात. तेथून सुमारे १४३ अंशांपर्यंत त्या जवळजवळ नाहीशा होतात, आणि १४३ अंशांजवळ एकाएकी ठळकपणे प्रकटतात. मधला पट्टा म्हणजे छायाप्रदेश होय.

हे कसे घडते, ते आजच्या आकड्यांनी पाहता येईल. प्रावरणाच्या तळाशी प्राथमिक लहरींचा वेग सेकंदाला सुमारे १३.७ किलोमीटर असतो. गाभ्यात शिरताच तो सुमारे ८.१ होतो. म्हणजे प्रावरणाच्या तुलनेत गाभ्याचा अपवर्तनांक १.६९ इतका, जड फ्लिंट काचेच्या जवळपासचा. सीमेवर ४० अंशांच्या कोनात आलेला किरण गाभ्यात सुमारे २२ अंशांचा होतो. हवेतून पाण्यात शिरणारा असाच किरण सुमारे २९ अंशांचा झाला असता. गाभा एखाद्या प्रचंड भिंगाप्रमाणे किरणांना आत वळवतो. जे किरण त्याला चाटून जातात ते १०३ अंशांपाशी बाहेर येतात, जे आत शिरतात ते बरेच पलीकडे जाऊन पडतात, आणि मधला पट्टा अंधारात राहतो. विशेष म्हणजे या सीमेवर घनता घटत नाही, तर सुमारे ५.६ वरून ९.९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरपर्यंत वाढते. तरीही वेग कोसळतो.

गुटेनबर्ग यांनी सीमेची खोली २,९०० किलोमीटर काढली. आजचे मूल्य २,८९१ किलोमीटर आहे. हाताने गुंडाळलेल्या काजळीच्या कागदांवरील रेघा मोजून, यांत्रिक गणकाच्याही मर्यादित साहाय्याच्या त्या काळात, ही अचूकता साधली गेली.

तरीही गाभा द्रवरूप मानण्यास अनेक जण तयार नव्हते. लॉर्ड केल्विन यांनी भरती-ओहोटीच्या विचारातून पृथ्वी एकंदरीत पोलादासारखी दृढ असल्याचे मांडले होते आणि त्या मताचे वजन मोठे होते. निर्णायक युक्तिवाद हॅरोल्ड जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये केला. त्यांनी भूकंपलहरींच्या वेगावरून प्रावरणाची दृढता घेतली आणि पृथ्वीच्या घनभागाला येणाऱ्या भरतीसारख्या घटनांवरून संपूर्ण पृथ्वीची सरासरी दृढता. पहिली दुसरीपेक्षा अधिक भरली. सरासरी खाली ओढणारा भाग मध्यभागीच असू शकतो, म्हणून गाभ्याची दृढता अत्यल्प, अर्थात तो द्रवरूप. ओल्डहॅम यांच्या लेखानंतर हे घडण्यास वीस वर्षे जावी लागली, आणि तेही केवळ 'दुय्यम लहरी येत नाहीत' एवढ्यावर विसंबून झाले नाही.

छायेतील क्षीण लहरी

छायाप्रदेश पुरता अंधारा नव्हता. तेथेही अधूनमधून क्षीण प्राथमिक लहरी नोंदल्या जात. गाभ्याच्या कडेवरून विवर्तन होऊन त्या येत असाव्यात, असे समजून हा विषय बाजूला ठेवला गेला होता. डेन्मार्कच्या भूगणितीय संस्थेत १९२८ पासून भूकंपशास्त्र विभागाच्या प्रमुख असलेल्या इंगे लेमान यांना हे समाधानकारक वाटले नाही. ग्रीनलंडमधील केंद्रांसह डॅनिश वेधशाळांची देखभाल हे त्यांचे मुख्य काम होते. संशोधन त्या उरलेल्या वेळात करीत. कोणत्या वेधशाळेचे घड्याळ विश्वासार्ह आहे आणि कोणता आलेख नीट वाचला गेला आहे, याची जाण त्यांना या नित्याच्या कामातून आली होती. त्यांच्या संशोधनाचा हा पाया उपेक्षणीय नाही.

१७ जून १९२९ रोजी न्यूझीलंडमधील मर्चिसन येथे मोठा भूकंप झाला. त्याच्या नोंदी युरोप आणि सोव्हिएत संघातील वेधशाळांत उमटल्या. स्वेर्डलोव्स्क आणि इर्कुट्स्क येथील आलेखांत छायाप्रदेशात येणाऱ्या लहरी विवर्तनाने समजावून सांगता येणार नाहीत इतक्या स्पष्ट होत्या. लेमान यांनी हेतुतः अत्यंत सोपे प्रतिमान घेतले. प्रावरणात वेग सर्वत्र सेकंदाला १० किलोमीटर, गाभ्यात ८ किलोमीटर, म्हणजे किरण सरळ रेषेत. वास्तव इतके सोपे नाही, हे त्या जाणून होत्या. पण वळणाऱ्या किरणांच्या किचकट गणितात मूळ प्रश्न हरवू नये, हा त्यामागचा विवेक होता. मग गाभ्याच्या आत अधिक वेगाचा आणखी एक लहान गोल कल्पिला, की त्यावर पडणारे काही किरण बाहेरच्या बाजूला वळून छायाप्रदेशात उतरतात. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या लेखाचे शीर्षक भूकंपशास्त्रातील बहुधा सर्वांत छोटे आहे : गाभ्यातून आलेल्या प्राथमिक लहरीचे चिन्ह, एक अक्षर आणि त्याच्या माथ्यावरील टिंबासारखी खूण.

लेमान यांनी अंतर्गाभ्याची त्रिज्या सुमारे १,४०० किलोमीटर मानली होती. गुटेनबर्ग आणि रिश्टर यांनी १९३८ मध्ये ती १,२०० किलोमीटरच्या जवळ आणली. आजचे मूल्य सुमारे १,२२० किलोमीटर आहे. विवर्तनाने या लहरींचे स्पष्टीकरण होत नाही, हे जेफ्रीज यांनी १९३९ मध्ये गणिताने दाखवून दिले. अंतर्गाभा घनरूप आहे, हे मात्र लेमान यांनी म्हटलेले नव्हते. अधिक वेग एवढाच त्यांचा दावा होता, कारण अपवर्तन तेवढेच सांगते. घनरूपतेची कल्पना १९४० च्या दशकात मांडली गेली. तिला भक्कम आधार १९७१ मध्ये जिवॉन्स्की आणि गिल्बर्ट यांच्या अभ्यासाने मिळाला, तोही अपवर्तनातून नव्हे, तर मोठ्या भूकंपानंतर घंटेप्रमाणे कंप पावणाऱ्या संपूर्ण पृथ्वीच्या स्वरांवरून. त्या वेळी लेमान त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी अमेरिकी भूभौतिकी संघाने त्यांना बोवी पदक दिले.